खालच्या पट्टीवरचं बदक

आमच्या शेजारच्या चिंदरकरच्या स्वयंपाकघरात भिंतीवर झाऱ्याचं चित्र आहे. चित्र म्हणजे काय, झारा भिंतीला टेकवून भोवती ऑइलपेंटने रेघ ओढलेली. तसंच पळीचं, सांडशीचं आणि किसणीचं. प्रत्येक चित्रात एक खिळा. वस्तू घेतली की त्या खिळ्यावर आपला बिल्ला अडकवायचा. वहिनींचा बिल्ला गोल, त्याचा चौकोनी. वहिनी मला एकदा म्हणाल्या, "भावोजी, भाकरी करपली तरी हे जेवतात. बिल्ला विसरला तर ताट सरकवतात."

हा माणूस साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात स्टोअरकीपर होता. तिथली रीतच तशी. कामगाराने पाना नेला की पान्याच्या जागी त्याचा पितळी बिल्ला लागायचा. वर्कशॉप बंद झालं, तिथे काचेची इमारत उभी राहिली, पण चिंदरकरच्या डोक्यातली स्टोअरची खिडकी काही बंद झाली नाही. कोणतीही गोष्ट दिसली की त्याचे तीन प्रश्न ठरलेले. "कोणाचं? कधीपासून? कशाला?" आणि वर, "सहीशिवाय हलायचं नाही."

आता माझं सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे. मी परब. कापडगिरणीत एका वेळी दोन साचे, म्हणजे माग, चालवलेला माणूस. शाळा तिसरीत सोडली. शाळेने मला काढलं नाही, मी सोडली. आमच्या घाटकोपरच्या सोसायटीने ऑफिसात कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं तेव्हा सभेत विरोधाचा हात एकच होता, तो माझा. उभा राहून मी सांगितलं, "आणा ते डबडं. या परबाने त्याला बोट लावलं तर भरसभेत मिशी उतरवीन." टाळ्या पडल्या. इतिवृत्तात लिहूनही घेतलं.

सहा महिन्यांत मी बोट लावलं. दहाच्या दहा लावली.

झालं असं की दुपारी एकच्या सुमाराला मी ऑफिसात पेपर वाचायला जातो. किल्ली चिंदरकरकडे. तो दार उघडतो, खुर्चीत बसतो आणि पाच मिनिटांत घोरायला लागतो. तिसरं कोणी फिरकत नाही. एकदा माझी सून तिथे प्रिंट काढायला आली. मी त्या बटणांकडे बघत होतो, ते तिने बघितलं. दुसऱ्या दिवशी तिने कॉम्प्युटरवर एक खेळ घालून दिला, मराठी टायपिंग शिकवणारा. पाण्यात मासे येतात, प्रत्येक माशावर एक अक्षर. बरोबर बटण दाबलं की पिवळं बदक मासा गिळतं. चुकलं की मासा पळतो. आता आमच्यासारख्या मालवणी माणसाला हातचा मासा सुटलेला कसा बघवणार? मी रोज बसायला लागलो. सापडायला सोपं म्हणून सुनेने ते बदक स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर लावून ठेवलं. तिथेच घोटाळा झाला.

त्या पट्टीवर आधीच गर्दी होती. सोसायटीच्या सेक्रेटरी कुलकर्णी मॅडम एक दिवस वैतागल्या. "सतरा आयकॉन आहेत इथे! मला माझी फाइल सापडत नाही. काढा रे कोणीतरी. राइट क्लिक करून अनपिन करायचं, दोन मिनिटांचं काम आहे."

"मी करतो," चिंदरकर म्हणाला.

दोन मिनिटांच्या कामाला तीन आठवडे लागले. कारण चिंदरकरच्या हिशेबी ती चित्रं नव्हतीच, बिल्ले होते. दुसऱ्याने लावलेला बिल्ला आपण काढायचा नसतो. त्याने वहीत सतराच्या सतरा चित्रं पेन्सिलीने काढली, समोर सहीची जागा ठेवली आणि घरोघर निघाला. साक्षीदार म्हणून मला घेतलं!

दुसऱ्या मजल्यावरचे ठक्कर म्हणाले, "अरे काका, हा ढग आणि एकतीस डिग्री, हे कोणी नाय लावला. आपोआप येते."

"आपोआप काही येत नाही," चिंदरकर म्हणाला. "सही करा."

"ढगासाठी?"

"ढगासाठी."

ठक्करांनी केली. अजून वहीत ढगाचे मालक तेच आहेत.

एक लाल ढालीचं चित्र होतं, ते कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने लावलेलं. त्याचं दुकान चेंबूरला. चिंदरकर बस पकडून गेला, मलाही नेलं. दुकानदार डोक्याला हात लावून म्हणाला, "काका, एक फोन करायचा ना!"

"फोनवर सही करतोस काय रे?"

माझ्या घरी आलो तेव्हा दार सुनेने उघडलं. चिंदरकरने वही पुढे धरली. "सूनबाई, हे बदक कोणाचं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"नाही माहीत काका," ती म्हणाली. "पण गोड आहे हो." आणि ओढणी तोंडाला लावून आत पळाली.

मला वाटलं, सांगून टाकावं. पण मिशी माझी आहे, चाळीस वर्षांची. मनाशी मात्र ठरवलं, बदक गेलं की गेलं. दुपारचं ऑफिसही बंद.

रविवारी कमिटीची सभा झाली. चिंदरकर एकेक नाव वाचायचा, सही दाखवायचा, मॅडम ते चित्र पट्टीवरून उडवायच्या. पट्टी मोकळी होत गेली तशी मॅडमच्या कपाळावरची आठीही गेली. शेवटी बदक उरलं.

"हे कोणाचं?" मॅडम म्हणाल्या.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ठक्कर म्हणाले, "खोलून बघा ना मॅडम. खेळणाऱ्याचा नाव असते आत."

नाव होतं. पहिल्याच दिवशी, एका बोटाने, तीन अक्षरं मी स्वतः टाकलेली. मॅडमने माउस बदकावर नेला. माझा हात आपोआप मिशीकडे गेला.

"मॅडम, थांबा," चिंदरकर म्हणाला. "सही आहे."

त्याने वही फिरवली. बदकासमोर लिहिलं होतं, 'चिंदरकर. कारण : शिकणे चालू आहे.' खाली सही.

आणि जो हशा उसळला! "काका, तुम्ही? बदकाला मासे भरवता?"

"भरवतो," तो म्हणाला. "सोसायटीला अडचण आहे?"

"नाही हो, राहू दे तुमचं बदक," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. कोणीतरी क्वॅक क्वॅक केलं. चिंदरकरचे कान लाल झाले, पण मान खाली गेली नाही. आणि माझ्या छातीवरून पोतं उतरल्यासारखं झालं. इतका मोकळा श्वास मी गिरणीतून सुटतानाही घेतला नव्हता.

जिन्यात मी त्याला गाठलं. "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. केवढ्याने बटणं आपटतोस मेल्या, झोप लागेल काय कोणाला?"

"मग घोरतोस तो?"

"घोरलो नाही तर तू बसशील?"

तो कठडा धरून उभा राहिला. म्हणाला, "परबा, बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. खोटी नोंद कधी केली नाही. आज पहिली."

"कशाला केलीस मग? नुसती मिशीच गेली असती माझी."

"गप रव. मिशी कोण बघतो? तुझी अब्रू गेली असती तर तू उद्यापासून आला नसतास. मग त्या ऑफिसात मी एकटा कोणासाठी दार उघडू?"

दोन जिने आम्ही बरोबरच चढलो. त्याच्या दारापाशी मी विचारलं, "मग उद्या एक वाजता?"

"पावणेएकला ये," तो म्हणाला. "कुलूप हल्ली अडकतं. दोघं लागतात."