आखूड रिकीब

पहाटे केदारी गोठ्यात डोकावला. घोडी पुन्हा घामानं निथळत होती. दाराला अडसर होता, दावं जागच्या जागी होतं, पण गुडघ्यापर्यंत नदीचा चिखल आणि शेपटीत गोखरू. कान टवकारून ती एकटक नदीपलीकडं बघत होती. तिकडं धुक्याशिवाय काही नव्हतं.

जर्मनची लढाई संपली त्या साली बेळगावच्या छावणीत पलटणीची जुनी जनावरं लिलावात निघाली, तेव्हा केदारीनं ही घोडी आणली होती. दसऱ्याला रवळनाथाच्या पालखीपुढं घोड्यावर बसून शिलंगणाला जायचा मान त्याच्या घराण्याचा. आज्याचं घोडं मेल्यावर बाप जन्मभर चालत गेला, आणि गावानं ते ऐकवायचं काही सोडलं नाही. यंदा केदारी बसणार होता. त्याला बसता येत नव्हतं, ही गोष्ट निराळी. घोडीची चंदी, खरारा, लीद काढणं सगळं चंपाबाई करायची. तिचा बाप छावणीच्या पागेत मोतद्दार होता, त्यामुळं तिला त्यातलं कळायचं. केदारी आपला लांब उभा राहून मिशीवरून हात फिरवायचा.

खोगीर खुंटीवरून काढून बघितलं तर आणखी एक भानगड. त्यानं आपल्या लांबड्या तंगड्यांच्या मापानं सोडलेल्या रिकिबी कुणीतरी वर ओढून आखूड केल्या होत्या.

"तुला काय ऐकू आलं का गं?" त्यानं चंपाबाईला विचारलं.

ती चुलीत फुंकर घालत होती. "देवाधर्माचं असंल. आपण काय बोलायचं त्यात," एवढंच ती म्हणाली. ती हल्ली एवढंच बोलायची. मेव्हण्याच्या लग्नात थोरल्या जावयाला जरीकाठी फेटा आणि केदारीला साधा बांधला, तेव्हा त्यानं भर मांडवात शपथ घेतली होती, की कंग्राळीच्या त्या उंबऱ्याला मी पाय लावणार नाही आणि बायकोलाही लावू देणार नाही. श्रावणापासून सासू बायाक्का अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला, तरी हा पठ्ठ्या हलला नाही. नदी ओलांडली की कंग्राळी, पण त्याच्या लेखी ती काशीपेक्षा लांब होती.

तेवढ्यात शेजारचा परसू धापा टाकत आला. तंबाखूच्या रानात त्यानं धुक्यात ती घोडी बघितली होती. वर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात गुंडाळलेलं कुणीतरी बसलेलं. घोडी पळत होती आणि टापांचा आवाज मात्र येत नव्हता. हे सांगताना परसूचे दात वाजत होते, आणि दुपारपर्यंत त्याला हुडहुडी भरून ताप चढला.

मग काय, गावाला वेगळं सांगावं लागलं नाही. रवळनाथ पहाटे घोड्यावरून शिवेची फेरी घालतो हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं, फक्त घोडी कुणाची ते कळायचं बाकी होतं. बायका गोठ्याबाहेर नारळ ठेवून जायला लागल्या. केदारीचा मात्र जीव टांगणीला लागला. देव बसलेल्या घोडीवर माणसानं बसावं कसं? आणि नाही बसला तर पुन्हा बापासारखं चालत जायचं?

भावकू गुरवानं देवाला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेल्या कळ्यांतली उजवी कळी पडली. भावकूनं त्याचा अर्थ लावला: बसायला देवाची हरकत न्हाय, पर लगाम सैल सोडायचा, देव न्हेईल तिकडं जायचं, आणि रिकिबीला हात लावायचा न्हाय, ते माप देवाचं. देवाचे पाय एवढे आखूड कसे, असं केदारीच्या मनात आलं होतं, पण कौलापुढं बोलणार कोण?

दसऱ्याला केदारी घोडीवर चढला, म्हणजे चौघांनी त्याला चढवला. आखूड रिकिबींमुळं गुडघे छातीला टेकलेले, कमरेला आज्याची तलवार. ढोल सुरू झाले, पालखी उठली. सोनं लुटायचा आपट्याचा माळ उजवीकडं होता. घोडी डावीकडं वळली.

लगाम सैल होता, देव नेत होता. भावकूनं पालखी डावीकडं वळवली आणि सगळं गाव मुकाट्यानं मागं निघालं. उन्हं कलली होती, नदीवर धूर साचल्यासारखं धुकं उतरत होतं. घोडी पाण्यात शिरली, मागोमाग पालखी, ढोल, आरत्या घेतलेल्या बाया. ढोलांचे आवाज पाण्यावरून घुमून उलटे येत होते, जणू समोरून दुसरीच कुणाची मिरवणूक येतेय. केदारीनं डोळे मिटून घेतले आणि रामरक्षा आठवायला लागला, ती आठवेना.

डोळे उघडले तेव्हा घोडी एका अंगणात उभी होती. तिथल्या घमेल्यात भिजवलेले हरभरे होते, आणि ती सवयीनं खात होती. भिंतीवर गोणपाटाचे चार तुकडे वाळत होते, टापांना बांधून दोरीचे वळ पडलेले. सोप्यावरच्या बाजेवरून क्षीण आवाज आला.

"चंपे, आज येवढा उशीर का गं? आन हे ढोल कशाला आणलीस?"

ढोल थांबले. केदारीनं वळून बघितलं. बायकांच्या घोळक्यात चंपाबाई आरतीच्या ताटावरची नजर वर करत नव्हती. अख्खं गाव त्याच्या तोंडाकडं बघत होतं. एक शब्द बोलला तर देवाचीही अब्रू जाणार होती, बायकोचीही, आणि त्याची तर उरलेलीही.

भावकू खाकरला. "म्हातारीच्या तोंडनं देवच बोलतोय," तो म्हणाला, आणि गावानं हात जोडले.

केदारी कसाबसा खाली उतरला. गुडघे सरळ होईनात, म्हणून वाकतच उंबरा ओलांडून बाजेपाशी गेला. अंगणातल्या आपट्याची पानं कुणीतरी त्याच्या हातात दिली होती, ती त्यानं सासूच्या ओंजळीत ठेवली.

"सोनं घ्या, मामी."

बायाक्कानं तो हात चाचपला. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण हात ओळखू आला. "जावाईबापू," ती म्हणाली आणि रडायला लागली. केदारीलाही रडू फुटलं. गावाला ती देवाची कृपा वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अडसर हळूच सरकल्याचा आवाज आला. आज केदारी जागा होता. कुशीवर वळून, भिंतीकडं तोंड करून तो म्हणाला, "देवा, मामीला सांग, सांजच्याला मीबी येतोय. चालत."