सायकलच्या खोक्यातलं हिरवं पाकीट

“बाबा, जपानला गेल्यावर एक दिवस मी एकटीने सायकल चालवू?”

प्रश्न रुई-शानच्या मनातलाच होता, पण तो विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. “ही नुसती वर्गात बडबडते, घरी तोंड उघडत नाही,” असं चिआ-लीने सगळ्यांसमोर म्हटलं आणि त्याच संध्याकाळी रुई-शानने जेवताना विचारून टाकलं. बाबांनी वाडग्यातलं सूप शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं आणि म्हणाले, “सायकल धडधाकट पोचली, तर बघू.”

‘बघू’ म्हणजे नाही, हे तिला पाठ होतं. पण या वेळी आधी ‘तर’ होता. सायकल पोचायलाच हवी होती, बस्स.

म्हणून त्यांच्या काऊशुंग शहराच्या विमानतळावर, त्या स्वस्तातल्या विमानाच्या रांगेत, ती एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. सायकलचं खोकं काट्यावर चढलं. चोवीस किलो तीनशे ग्रॅम.

“वीसच्या वर घेत नाही आम्ही,” काउंटरवरची ताई म्हणाली. “आणि वीस मिनिटांत काउंटर बंद होईल.”

“घरी तर बरोबर वीस होतं,” बाबा म्हणाले.

आई विमानांच्या पाटीकडे बघू लागली.

खोकं उघडलं. चाकाच्या आऱ्यांमध्ये, सीटखाली, जिथे फट दिसेल तिथे अननसाच्या केकचे डबे कोंबलेले. सात.

“आई, हे कुणाला?”

“जपानमधल्या लॉजवाल्यांना. रिकाम्या हाताने कसं जायचं कुणाकडे?”

“अगं, आपण पैसे भरून राहतोय तिथे.”

“मग? पैसे घेतले म्हणून ती माणसं नाहीत का?”

हातातल्या बॅगा आधीच काठोकाठ होत्या. तेव्हा डबे फोडले आणि एकेक केक तिघांच्या खिशांत गेला. आईच्या रेनकोटला आठ खिसे आहेत, हे त्या दिवशी घरच्यांना कळलं. ती हलली तरी कागद वाजत.

वीस किलो शंभर ग्रॅम.

“ताई, शंभर ग्रॅमचं काय एवढं?”

“मशीन घेत नाही हो. मी काय करू?”

मागचे एक आजोबा पुढे सरसावले. “घंटी काढा.” घंटी काढली. वीस पूर्णांक एक. “चाकातली हवा काढा.” ती आधीच काढलेली होती. “हवेला कुठे वजन असतं?” रांगेतली एक बाई म्हणाली. “असतं तर,” आजोबा म्हणाले, आणि ते दोघं तिथेच भांडायला लागले. काउंटर बंद व्हायला अकरा मिनिटं उरली.

खोक्यात आता सायकलच उरली होती. आणि सायकलच्या दांड्याला सुतळीने बांधलेलं मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांच्या हाताखालच्या प्रत्येक लिफ्टच्या यंत्रावर असं पाकीट ठेवलेलं असे. पाकीट असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे त्यांच्या देशातलं शेंबडं पोरही सांगेल. फक्त ते हिरवंच हवं, तारीख उलटलेली नको, आणि ते कुणी खायचं नाही.

रुई-शानने पाकीट सोडवलं. बाबांनी ते परत बांधलं.

“बाबा, खिशात ठेवा ना.”

“सायकल खाली सामानात आणि पाकीट वर माझ्या खिशात? काय उपयोग?”

“पण सायकल गेलीच नाही तर?”

“याच्याशिवाय गेली तर तुकडे होऊन पोचेल. एकवीस वर्षांत माझी एकही लिफ्ट अडकलेली नाही.”

तिने सोडवलं. त्यांनी बांधलं. सहा मिनिटं. तिसऱ्यांदा सोडवल्यावर तिने ते बांधायला जागाच ठेवली नाही. टर्रकन फाडलं आणि मूठमूठ खाऊ लागली.

आजोबा हवेचं वजन विसरले. काउंटरवरच्या ताईने तोंडावर हात ठेवला. काट्यावर वीस पूर्णांक शून्य उमटलं, क्षणभर थरथरलं आणि विझलं. मग ताईचा संगणक बंद पडला. मग शेजारचा. मग ओळीने आठही काउंटरांवरचे.

ताईने घाईघाईने आपल्या संगणकावर पाहिलं. तिथलं हिरवं पाकीट जागेवर होतं. “आमचं तर आहे,” ती पुटपुटली. मग अख्खी रांग रुई-शानकडे वळली. तिच्या ओठांना पिवळा चुरा लागलेला होता. ती गिळायचीही थांबली.

“खाल्लंस ते खाल्लंस,” आजोबा म्हणाले, “निदान विमान उतरेपर्यंत तरी थांबायचं.”

आतून एक साहेब धावत आले. “काटे बंद. चिठ्ठ्या हाताने लिहा, वजन राहू द्या, आहे ते सामान घ्या. पटापट.”

हे ऐकताच आई खोक्याजवळ बसली आणि आठही खिसे त्यात उलटे करू लागली. ताईने चिठ्ठी चिकटवली, दोघांनी उचललं, आणि खोकं पट्ट्यावरून रबरी झालरीआड गेलं.

बाबांनी सुटलेली सुतळी गुंडाळून खिशात टाकली. “गेली सायकल,” ते म्हणाले. “राखायला काही नाही तिच्यावर. एकटीबिकटीचं आता डोक्यातून काढ.”

रुई-शानने ओठ पुसले. एरवी ती इथे ‘बरं’ म्हणाली असती.

“बाबा, आई, मी ठरवलंय. गुरुवारी मी एकटी चालवणार. सायकल मोडून आली तर तिथली भाड्याने घेईन. आणि राखायचं म्हणाल, तर पाकीट माझ्या पोटात आहे. तुम्ही दोघं मागून बसने या.”