घासलेला फ्लास्क

शिओरी इगाराशीने फ्लास्कमध्ये पाणी घातलं, त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि आजही तिला पाणीच दिसलं.

वास्तविक आदल्या संध्याकाळी तिने फ्लास्कच्या तळाशी लिपिडचा, म्हणजे एका स्निग्ध द्रव्याचा, पातळ थर वाळत ठेवला होता. सकाळी पाणी पडलं की तो फुगतो आणि त्याचे इवले इवले बुडबुडे होतात. पेशीच्या आवरणाची ती नक्कल. औषधाचा कण त्या आवरणातून आपला आपण आत शिरतो का, एवढंच तिला पाहायचं होतं. पण शिरायला घर तर हवं! तिचे मार्गदर्शक कुवाबारा सर मार्चमध्ये निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध झाला नाही, तर नवे सर आणि नवा विषय.

"माझंच काहीतरी चुकलं असणार," शेजारच्या टेबलावरचा नोझू वाकून म्हणाला. त्याने त्या फ्लास्कला कधी बोटही लावलं नव्हतं. पण त्या प्रयोगशाळेत माफी आधी मागतात; चुकीचं कारण मग सावकाश शोधतात.

लिपिडची नवी बाटली आली. बुडबुडे नाहीत. थर वाळवणारा पंप दुरुस्त झाला. नाहीत. शेवटी नोझूने दाराशी इडापिडा टाळायला मिठाची छोटी रास ठेवली. मीठ मात्र वजन करून घेतलं.

एके दिवशी शिओरी भल्या सकाळीच पोचली. सिंकपाशी सर बाह्या सरसावून, गुणगुणत तिचा फ्लास्क साबणाने घासत होते.

"अगं, इतक्या लवकर? तुम्ही पोरं काचा अशा तेलकट टाकून जाता. म्हटलं, जाता जाता एवढं तरी करावं तुमच्यासाठी."

पेशींच्या आवरणांविषयी सरांचे जाडजूड ग्रंथ होते. ते लिहिण्याच्या गडबडीत प्रयोगशाळेत यायचं मात्र कित्येक वर्षं राहून गेलं होतं.

शिओरीने तोंड उघडलं. मग तिला गार पाण्याने लाल झालेली सरांची बोटं दिसली.

"फार उपकार झाले, सर," ती म्हणाली.

"सांगितलं का नाहीस?" नोझूने नंतर विचारलं.

"तू सांग ना मग."

"मी? मी तर माफीसुद्धा मागून बसलोय!"

त्या संध्याकाळपासून खरे फ्लास्क नोझूच्या कपाटात गेले आणि टेबलावर तिळाच्या तेलाने माखलेले रिकामे फ्लास्क राहू लागले. बुडबुडे झाले, कण आत शिरले, प्रबंध वेळेत गेला.

निरोपाच्या दिवशी सरांनी शिओरीच्या हातात सुबक कागदात बांधलेली भेट ठेवली. आत घासणी होती.

"तेल जरा कमी लावायचंस गं," ते हळूच म्हणाले. "निघता निघत नव्हतं."

मागून नोझूने घाईघाईने माफी मागितली.

"सर! तुम्हाला कळलं होतं?" शिओरीने विचारलं.

"पहिल्याच दिवशी. लिपिडला असा खमंग वास येत नाही, एवढं अजून आठवतं मला. त्याआधी मी काय काय धुऊन टाकलं, तेही तेव्हाच कळलं."

"मग घासत का राहिलात?"

"तू रोज इतकं मनापासून माखून ठेवायचीस," सर म्हणाले. "तसंच ठेवून गेलो असतो, तर तुला वाईट नसतं वाटलं?"