आधी ओळख पटव

अप्पांच्या घरचं इंटरनेट सकाळीच बंद पडलं आणि अप्पांचं तोंड उतरलं. दूर राहणारा मुलगा आज कॉम्प्युटरवर नुकत्याच जन्मलेल्या नातीचं तोंड दाखवणार होता.

चूक अप्पांचीच होती, पण ती त्यांनी अगदी शिस्तीत केली होती. पत्त्यांचा एक फुकट खेळ उतरवून घेताना कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. "तो काढा, नाहीतर कनेक्शन बंद करावं लागेल," असे इंटरनेट कंपनीचे मेल येऊ लागले. पण मुलाने बजावून ठेवलं होतं, "अप्पा, असल्या धमक्यांना भीक घालू नका. सगळे भामटे असतात." अप्पांनी मेल पुसून टाकले. कंपनीतल्या बाईंचा फोन आला, तेव्हा त्यांना पोलिसांची भीती घातली. शेवटी कंपनीने शब्द खरा केला.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन वाजला.

"अप्पा, मी बोलतोय. माझा मोबाइल बंद पडलाय, हा मेव्हण्याचा आहे. तुमचं इंटरनेट लागेना म्हणून इंटरनेट कंपनीत विचारलं, तुमच्याकडे व्हायरस आहे म्हणाले. कॉम्प्युटर लावा, कसा काढायचा ते सांगतो."

आवाज मुलाचाच होता. पण हल्ली आवाजाचीही नक्कल करतात, हे मुलानेच सांगितलं होतं.

"आधी ओळख पटव. तुझ्या आईचा वाढदिवस कधी?"

"मार्चमध्ये... की मे?"

"माझ्या कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं?"

"उजव्या... थांबा, ऑपरेशन कधी झालं?"

अप्पांनी फोनवर हात ठेवला. "पक्का चोर आहे! एक उत्तर धड नाही."

"अहो, चोर असता तर सगळी माहिती काढून आला असता," बायको म्हणाली. "काहीच ठाऊक नाही, म्हणजे आपलाच."

ती हसत होती, अप्पांना मात्र वाईट वाटलं.

"बरं, बोल," ते फोनवर म्हणाले.

"असं कसं? तुम्हीही ओळख पटवा. मी नेमकं काय काम करतो, सांगा."

शेजाऱ्यांना अप्पा आजवर 'मोठ्या हुद्द्यावर आहे' एवढंच सांगत आले होते.

"कॉम्प्युटरचंच काहीतरी ना रे?"

पलीकडे मुलगा खो-खो हसला. "पटली! तुम्हीच अप्पा. लावा आता कॉम्प्युटर."

"लावतो," अप्पा खुर्ची ओढत म्हणाले. "पण आधी नीट सांग, काय करतोस तू?"

व्हायरस निघून कनेक्शन जोडलं जाईपर्यंत संध्याकाळ झाली. नात पडद्यावर आली ती गाढ झोपलेली. तिचा बाप काय काम करतो, हे अप्पा तिला बराच वेळ समजावून सांगत होते.