जिन्यावरच्या कपाटातली बाई

ते रडणं पहिल्यांदा ऐकलं रुचिकानं. मंगरूळपीरच्या बाजारात जमशेदभाईंचं बांगड्यांचं दुकान आहे आणि त्यांची मुलगी यूसरा वरच्या मजल्यावर बायका-मुलींसाठी कॉम्प्युटरचा क्लास चालवते. दुपारची सुट्टी संपवून रुचिका जिना चढत होती. मधल्या वळणावर एक लोखंडी कपाट होतं, कायम कुलूपबंद. तिथं ती थबकली. कपाटाच्या आत कोणी बाई रडत होती. हुंदके नाहीत, श्वास घेणं नाही, नुसता एक लांबच लांब सूर.

"मॅडम, कपाटात कोनी हाय," वर्गात येऊन ती कशीबशी म्हणाली.

"उंदीर असन."

"उंदीर असा रडते का, मॅडम?"

यूसरा उठून बाहेर आली. रस्त्यावर ऊन नुसतं तापलं होतं, पण जिन्याच्या त्या वळणावर उजेड जेमतेम पोचायचा. तिनं कपाटाला कान लावला. लोखंड गार होतं. आतून आवाज येत होता, "आऽऽऽ..." चढत नव्हता, उतरत नव्हता. आणि त्याच्या मागे, थांबून थांबून, टक... टक... कोणी आतून नखानं दार वाजवावं तसं. यूसरानं झटकन कान काढून घेतला.

किल्ली अब्बांकडे होती. ते खाली एका गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरत होते.

"त्यात काईच नाई. जुना माल हाय," ते म्हणाले. "त्याले हात लावू नको."

हे बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते मात्र तिला त्या आवाजाहून जास्त खटकलं.

संध्याकाळी सगळी मशीन बंद झाली तसं रडणंही थांबलं. दुसऱ्या दिवशी सुट्टीनंतर पुन्हा सुरू. मुली एकेक करून गळायला लागल्या. हा क्लास काढण्यासाठी यूसरानं अब्बांची किती मनधरणी केली होती! एका कचेरीनं मोडीत काढलेली मशीन आणली. त्या म्हाताऱ्या मशीनवर विंडोजला धाप लागायची, म्हणून स्वतःच्या हातानं विंडोज पुसून त्याजागी तिनं हलकं, फुकटचं लिनक्स चढवलं. अब्बांनी होकार दिला तो एकाच अटीवर, "कोनाची तक्रार आली का कुलूप लावजो."

मग मोतीबाईंनी हे प्रकरण हातात घेतलं. मोतीबाई शेलूबाजारजवळच्या एका तांड्याच्या सरपंच. साठी उलटली होती. ग्रामपंचायतीचे कागद दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा कंटाळा आला म्हणून क्लासला यायच्या. त्यांनी कपाटासमोर मांडी घातली.

"काय व बाई, कायले रडतं? सासरी जाच होता का?"

"आऽऽऽ..." कपाट म्हणालं.

"व्हय म्हनते," मोतीबाईंनी मागे वळून सांगितलं. मग बराच वेळ कान देऊन त्या ऐकत राहिल्या. टक... टक... त्यांचे डोळे भरून आले. "पाहा ना, हात आपटून राह्यली आन बांगडी वाजत नाई. लेकीच्या हातात चुडा नाई!"

त्या तशाच खाली गेल्या आणि हिरव्या बांगड्या मागितल्या.

"कोन्या मापाच्या?" जमशेदभाईंनी विचारलं.

"आता ते कसं सांगू? तुमच्या कपाटातल्या बाईले पाह्यजेत."

जमशेदभाईंच्या हातून एक बांगडी निसटली आणि फुटली. जिन्याकडे पाहण्याची त्यांची छाती झाली नाही.

त्या बांगड्या कपाटाच्या मुठीला बांधल्या गेल्या. बातमी बाजारात फिरली. कॉम्प्युटरचं तोंड न पाहिलेल्या बायका नारळ, बांगड्या, हळद-कुंकू घेऊन यायला लागल्या. क्लास रिकामा आणि जिना भरलेला! यूसराची फुफी, अब्बांची बहीण सुलतानबी, दर्ग्यावरून पाणी घेऊन आली. बायकांच्या गर्दीतून वाट काढत तिनं ते कपाटावर शिंपडलं. आवाज तसूभर हलला नाही.

"बेटा, बंद कर हे दुकान," सुलतानबी म्हणाली. "ज्यायचं घर हाय त्यायले राहू दे."

पाठीमागून अब्बा म्हणाले, "उद्यापासून कुलूप."

यूसरा रिकाम्या वर्गात येऊन बसली. दार लोटलं तरी ते "आऽऽऽ" फटीतून येतच होतं. तेवढ्यात तिला दुसराच आवाज जाणवला. खिडकीजवळच्या मशीनचा पंखा जोरात घुरघुरत होता. त्या मशीनवर आज कोणी बसलंच नव्हतं. पडदा काळा. ती जवळ गेली. मशीनची पाठ तापली होती, जिवंत अंगासारखी.

तिनं चालू असलेल्या प्रोग्रामची यादी उघडली. यादीत एक नाव होतं, शेवटी डॉट ईएक्सई असलेलं. म्हणजे विंडोजचा प्रोग्राम. जे विंडोज तिनं पुसलं होतं, त्यातलं कोणीतरी आत बसून काम करत होतं.

तिनं तो प्रोग्राम मारला.

जिन्यावरचं रडणं मध्येच तुटलं.

"गेली! गेली!" बायकांचा गलका झाला. इथं वर्गात यूसरानं आधी मशीनकडे पाहिलं, मग दाराकडे. मशीन इथं, कपाट तिथं, मध्ये भिंत. पण थोडा शोध घेतल्यावर तिला आणखी एक नाव सापडलं आणि भीतीच्या जागी संताप चढला. तिनं अब्बांना आणि फुफीला आत बोलावलं, दार लावलं.

"अब्बा, या मशीनमदे वाईन कोनं टाकली?"

सुलतानबीच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. "तौबा, तौबा! जमशेद, आपल्या घरात?"

"फुफी, प्याची नाई व! विंडोजचे गेम लिनक्सवर चालवाचा प्रोग्राम हाय तो. अब्बा, खाली काहून पाहून राह्यले?"

जमशेदभाईंनी आधी दाराची कडी नीट लागली का ते पाहिलं. मग म्हणाले, "मोबाईलवाल्या अशफाकनं टाकून देल्ली."

लग्नाआधी जमशेदभाई ट्रक चालवायचे. शेलूबाजारहून माल भरायचा आणि पार नागपूर गाठायचं. वडलांनी अंथरूण धरलं तेव्हा स्टेअरिंग सुटलं आणि हातात बांगड्या आल्या. गेल्या महिन्यात त्यांनी अशफाकच्या दुकानात ट्रकचा गेम पाहिला. तेव्हापासून रोज दुपारच्या सुट्टीत, यूसरा घरी जेवायला गेली की ते वर येऊन ट्रक हाकत होते. मशीनला स्वतःचा आवाज नव्हता म्हणून अशफाकनं बांगड्यांच्या दुकानाचा, ईदच्या सेलची जाहिरात करायचा बिनवायरचा भोंगा त्याला जोडून दिला होता. गेम बंद केला की तो भोंगा तसाच, चालूचा चालू, कपाटात लपवायचा.

"आन रडनं आयकून भेव नाई वाटलं?" यूसरानं विचारलं.

"वाटलं ना. पन ते तं सुट्टीनंतर रडे. मी सुट्टीत बसो. तिचा टाईम येगळा, माहा येगळा."

बायका खाली नारळ फोडायला उतरल्या तेवढ्यात यूसरानं अब्बांकडून गुपचूप भोंगा आत आणवला आणि गेम लावला. ट्रक निघाला. जमशेदभाईंनी वळणावर हॉर्न दिला, इंडिकेटर टाकला. तिनं पडद्यावरची गेमची खिडकी बंद केली. गेम पडद्यावरून गेला, भोंगा गप्प झाला; पण मशीनच्या पोटात गेम अर्धमेला राहिला होता आणि पाचेक मिनिटांनी तो शेवटचा आवाज चघळायला लागला. ताणलेला, संथ हॉर्न. "आऽऽऽ..." आणि इंडिकेटर. टक... टक... हा हॉर्नच आहे हे कळूनही तिघांनी एकदम दाराकडे पाहिलं. तिनं घाईनं तो प्रोग्राम मारला.

दार उघडलं तेव्हा समोर मोतीबाई हात जोडून उभ्या होत्या.

"पाह्यलं, पोरी? बोल्लीच होती ना मी? चुडा भेटला आन शांत झाली. आता कायचं भेव? उद्या समद्या पोरींले घेऊन येतो क्लासले."

यूसरानं खरं सांगायला तोंड उघडलं. मागे अब्बा भोंगा कुडत्याखाली दडवून भिंतीला चिकटले होते. बाजारभर चर्चा झाली असती, जमशेद बांगडीवाला भरदुपारी गेम खेळतो आणि बायका त्याच्या हॉर्नला हळद-कुंकू वाहतात. त्यांचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता की तिनं बोलणंच बदललं.

"व्हय, मावशी," ती म्हणाली. "गेली आपल्या घरी."

बायका डोळे पुसत जिना उतरल्या. खाली पावलं वाजेनाशी झाली. मग जमशेदभाईंनी हळूच विचारलं, "बेटा, तो हॉर्न नीट होईन का? घाटात लागते."

"होईन, अब्बा. पन बंद कराचा कसा ते माह्याकडून शिकून घ्याचं."

सुलतानबी मघापासून काळ्या पडद्याकडे टक लावून बसली होती. तिनं ओढणी सावरली, खुर्ची भावाच्या खुर्चीजवळ ओढली आणि कोणाकडेही न पाहता विचारलं,

"आन त्या ट्रकात बाजूले बसाले जागा राह्यते का?"