एक तलाव आणि सगळ्यांचे नवरे

दुपारच्या शांततेत पोह्यांच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरला आणि तो स्टीलचा डबा असा खणखणला, की त्रिवेणी श्वास रोखून चिन्नीच्या पापण्यांकडे बघत राहिली. पापण्या हलल्या, उघडल्या नाहीत. ही पोर झोपली तरच त्रिवेणीला स्वतःचा म्हणावा असा तासभर मिळे.

फोनवर मंगलाकाकू. "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नाव घ्यायचंय गं. अलंकारवाला एक उखाणा करून दे. आणि कुणाला सांगू नक्को, मी स्वतः केला म्हणणार आहे."

"करते की काकू," त्रिवेणी कुजबुजली. "त्यात काय."

काल कमलताईंनी हेच मागितलं होतं, सकाळी माधवीने. प्रत्येकीला उखाणा गुपचूप हवा होता. आणि त्रिवेणीला नाही म्हणवत नव्हतं, त्याचं कारण तिच्या सासूबाई. पद्मावतीबाईंनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलेलं. त्रिवेणी दिलसुखनगरला वाढलेली, शाळेत तेलुगू शिकलेली. लग्न होऊन तारनाक्याला आली तेव्हा मराठी ओळीखाली बोट ठेवून वाचायची. सासूबाईंनी मेथी निवडता निवडता तिला अलंकार शिकवले. 'सारखं' म्हटलं की उपमा, 'जणू' म्हटलं की उत्प्रेक्षा, चंद्राला कमी ठरवलं की व्यतिरेक, मुख हाच चंद्र म्हटलं की रूपक. परवा त्या कुणाला तरी म्हणाल्या, "आमच्या त्रिवेणीला विचारा, तिला सगळे अलंकार येतात." ते वाक्य त्रिवेणी तेव्हापासून ठेवणीतल्या साडीसारखं मनातल्या मनात उलगडून बघत होती.

एका तासात तीन नवरे सजवायचे, चौथा आपला. चंद्र तर सगळ्यांनी वापरून झिजवलेला. मग तिला सुचला हुसेनसागर. केवढा मोठा, आणि आपल्या गावचा. पुढचं सोपं होतं. तलाव तोच ठेवायचा, अलंकार तेवढा बदलायचा. अलंकार निराळा म्हणजे उखाणा निराळा, पुस्तकात तसंच तर असतं. चिन्नी उठायच्या आत चारही नवरे पाण्यात सोडून त्रिवेणी चहाला लागली. रूपक तिने स्वतःसाठी राखलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी हिमायतनगरच्या हॉलमध्ये सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या. चिन्नी त्यांच्या मांडीवर तिळाची वडी चोखत होती. "आज आमची सूनही घेणार आहे बरं का नाव," असं त्यांनी उजवीकडेही सांगितलं आणि डावीकडेही.

मंगलाकाकू उभ्या राहिल्या.

"हुसेनसागरासारखं ज्यांचं मन विशाल,
हिम्मतरावांनी घातली खांद्यावर मायेची शाल."

टाळ्या पडल्या. काकू लाजल्या. "सुचलं असंच, भाजी फोडणीला टाकताना."

मग कमलताई उठल्या. त्यांचा चेहरा जरा उतरलेला वाटला, पण पाठ केलेलं आता बदलणार कसं?

"मन ज्यांचं जणू हुसेनसागरच अथांग,
बाळकृष्णरावांच्या संसारात सुखांची लागली रांग."

टाळ्या निम्म्यावर आल्या. "ह्यांचेही तिथेच का?" मागून कुणीतरी विचारलं. त्रिवेणी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. माधवीने बसूनच राहावं म्हणून तिने डोळ्यांनी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. माधवीला वाटलं, ही धीर देतेय. ती उठली.

"हुसेनसागरही उथळ ठरे अशी मनाची खोली,
संदेशरावांची मला आवडते गोड बोली."

हॉलमध्ये हळदीकुंकवाच्या वाट्यासुद्धा वाजेनात.

"म्हणजे आमचे हे तलावाएवढे आणि तुझा संदेश तलावाहून खोल?" मंगलाकाकूंनी विचारलं.

"मी कुठे म्हटलं तसं, आंटी? मी माझा माझा केलाय."

"हौ, आणि मी पण माझाच केलाय," कमलताई म्हणाल्या.

"अहो, त्या तलावाला वास किती येतो," मागची बाई म्हणाली. "एक तरी नवरा कोरड्यावर ठेवायचा."

सगळा हॉल हसत सुटला. पद्मावतीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. उपमा, उत्प्रेक्षा, व्यतिरेक. तिसऱ्या बोटावर त्या थांबल्या आणि मान वळवून त्यांनी सुनेकडे पाहिलं. त्यांच्याबरोबर मंगलाकाकूंनी, मग कमलताईंनी, मग माधवीने पाहिलं. पण बोलणार कसं, प्रत्येकीने आपापला स्वतः केला होता ना.

"त्रिवेणी," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "घे आता तू नाव."

त्रिवेणी उभी राहिली. तोंडात रूपक तयार होतं, त्यात तलाव काठोकाठ भरलेला. तो तिने गिळला. समोर तिळगुळाचं ताट दिसत होतं, तेवढाच आधार.

"स्टीलच्या ताटात स्टीलची वाटी,
शिवराजरावांचं नाव घेते सगळ्यांसाठी."

"यात अलंकार कुठला गं?" मंगलाकाकूंनी गोड आवाजात विचारलं.

"स्टीलचा," मागची बाई म्हणाली.

त्रिवेणी बसली. कान असे तापले होते, की त्यावर पापड भाजून निघाले असते. सासूबाई साडीच्या निऱ्या नीट करत होत्या. त्या नीटच होत्या.

न्यायला शिवराज गाडी घेऊन आला. दिवसभर ऑफिसात राबून आलेला, तरी उतरून त्याने आईसाठी दार उघडलं, चिन्नीचे चिकट हात स्वतःच्या रुमालाने पुसले आणि त्रिवेणीच्या हातातली वाणाची पिशवी घेतली.

"कसा झाला कार्यक्रम?"

पुढच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "झाला." नारायणगुडा आला. मग रस्त्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "व्यतिरेक बरा जमला होता." त्रिवेणीला रडू यायचं ते तिथे आलं. तिने ते खिडकीबाहेर बघून परतवलं.

चिन्नी मांडीवर उभी राहिली आणि तिने आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, काकूंचे काका तलावासारखे. त्या ताईंचे पण तलावासारखे. आपले बाबा कशासारखे?"

सासूबाईंनी मान मागे वळवली. शिवराजने गाडीतलं गाणं बारीक केलं आणि आरशात बघितलं.

"सांग ना आई," चिन्नी म्हणाली. "बाबा कशासारखे?"