मागाच्या तालावर लॅटिन

सॅम्युअल मास्तरांना लॅटिन शिकवायला फळा लागत नसे, शेजारचा माग लागे. आमच्या भिंतीपलीकडे यल्लप्पाचा यंत्रमाग खटक-खट सुरू झाला, की मास्तर ओट्यावर काठी आपटत तालात म्हणत, "मेन्सा, मेन्सा..." आणि माझी लेक शकू पुढं म्हणे, "मेन्साम." मेन्सा म्हणजे मेज. आमच्या घरात मेज नव्हतं, पण त्याच्या सगळ्या विभक्ती होत्या.

शकूचा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. पोरं चिडवतील या भीतीनं मी तिला शाळेत घातलंच नाही. भीती माझी, शिक्षा तिला. हे मला रोज टोचे. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर एके दिवशी आपण होऊन शिकवायला आले आणि मग येतच राहिले. एकटेच राहत. चहाशिवाय काही घेत नसत.

एकदा मी भीत भीत विचारलं, "मास्तर, मराठी व्याकरण ठीक आहे. लॅटिन कशाला?"

"वासुदेवराव, स्वतःचं नाक स्वतःला दिसतं का? आधी दुसऱ्याचं बघावं लागतं की."

वीज गेली की माग थांबे आणि शकूही अडे. मग यल्लप्पा बनियनवर दारात येई. "मास्तर, लाइट न्हाय. पोरीला सुटी द्या की."

"सुटी कशाची? तू फळी बडव."

तो बिचारा बडवीत बसे.

शकूला थेट आठवीत घालायचा हट्ट मास्तरांचाच. "घर पुरे झालं. पोरीला मैत्रिणी पाहिजेत," म्हणाले. शाळेनं तोंडी परीक्षा ठेवली. मुख्याध्यापकांनी 'नदी' हा शब्द विभक्तींत चालवायला सांगितला. तिथं माग कुठला! शकू नुसती माझ्याकडे बघत राहिली. आता हिला परत घरीच न्यावं लागणार, असं मला वाटलं. इतक्यात खिडकीबाहेर काठी वाजू लागली. खटक-खट, खटक-खट.

"कोण आहे तिकडं?" मुख्याध्यापक त्रासले.

"सुतार असेल," मी म्हणालो. तोवर शकू नदीने, नदीला, नदीहून करत पार संबोधनापर्यंत पोचली होती.

शाळेच्या पहिल्या दिवशी तिला सायकलवरून सोडून मी माझा कामावरचा डबा घ्यायला घरी आलो. मास्तर नेहमीच्या वेळी ओट्यावर बसले होते. माग चालू होता.

"मेन्सा, मेन्सा..." म्हणून ते थांबले. काठी तशीच वर.

"मास्तर, शकू शाळेत गेली."

"माहीत आहे की. मीच पाठवली."

पण काठी खाली येईना. मी चपला काढल्या आणि शकूच्या पाटावर बसलो.

"मेन्सान," म्हणालो.

"शेवटी ओठ मिटा, वासुदेवराव," मास्तर म्हणाले, आणि काठी आपटली.